वाळवंटाचा उभा नकाशा

चिवड्याचं पाकीट फुगलं, तिथून हा विषय माझ्या मागे लागला. जून महिना होता. पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन आम्ही टूसॉनहून माउंट लेमनच्या घाटाला लागलो होतो. टूसॉन म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं, मेक्सिकोच्या सीमेपासून तासाभरावरचं शहर. निघताना ते न फोडलेलं पाकीट मागच्या सीटवर मऊ, सुरकुतलेलं पडलं होतं. साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या विंडी पॉइंटला थांबलो तेव्हा ते उशीसारखं टम्म झालं होतं. खाली पारा चाळिशीला टेकला होता आणि माथ्याजवळ आल्यावर आईने एसी बंद करायला लावून खिडक्या उघडल्या. बाबांनी विचारलं, "आपण सूर्याच्या जवळ आलो ना? मग गार कसं?"

उत्तर त्या पाकिटातच होतं. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन तिच्यालगतची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर निघते. वर दाब कमी असतो, म्हणून ती पसरते, अगदी पाकिटातल्या हवेसारखी. पण पसरायला ऊर्जा लागते आणि ती बाहेरून कुणी देत नाही. हवा आपल्याजवळची उष्णताच खर्च करते आणि गार होते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला गार लागते. दोन्ही वेळा हाच नियम काम करतो: दाबली की गरम, पसरली की गार. कोरडी हवा वर चढताना दर हजार मीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअसने गार होते. एकूण वातावरणाचा हिशेब धरला तर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. टूसॉन सुमारे ७३० मीटरवर आणि माउंट लेमनचा माथा २,७९२ मीटरवर. म्हणजे खाली ४० असताना वर २६-२७.

(स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक जोड. फ्लॅगस्टाफसारख्या २,१०० मीटरवरच्या गावात पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे पातेल्यात डाळ शिजत ठेवली तर वाट बघत बसावं लागतं. कुकर हवाच.)

या घाटाचा रस्ता सुमारे ४३ किलोमीटरचा. पायथ्याशी सवारो निवडुंगांचं रान, थोडं वर पिवळ्या गवतात विखुरलेली ओकची झाडं, मग पाँडेरोसा पाइनची उंच जंगलं आणि शेवटी फर आणि ॲस्पेनची दाट सावली. हिवाळ्यात माथ्यावर लोक स्कीइंग करतात. या तासाभराच्या रस्त्यात मेक्सिकोहून कॅनडापर्यंतचा प्रवास होतो, असं इथले लोक म्हणतात. झाडांपुरतं ते बरंचसं खरं आहे.

ही गोष्ट शास्त्रात नीट मांडली क्लिंटन हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञाने. १८८९ मध्ये तो उत्तर ॲरिझोनातल्या सॅन फ्रान्सिस्को पर्वतशिखरांवर काम करत होता. त्यातलं सर्वांत उंच शिखर ३,८५१ मीटरचं आहे. खालच्या वाळवंटापासून वरच्या वृक्षहीन माथ्यापर्यंत वनस्पतींचे आणि प्राण्यांचे पट्टे एकावर एक रचलेले आहेत आणि डोंगर चढणं म्हणजे उत्तरेकडे जाण्यासारखं आहे, हे त्याने दाखवून दिलं. त्याने सगळं श्रेय तापमानाला दिलं, ते मात्र अपुरं ठरलं. पाणी, माती आणि उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे यांनाही तेवढंच महत्त्व आहे.

उताराच्या दिशेबद्दल थोडं सांगतो, कारण इथे राहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून डोंगराचा दक्षिण उतार दिवसभर भाजतो आणि उत्तर उतार सावलीत राहतो. एकाच दरीच्या दोन बाजूंना समोरासमोर बघितलं तर एकीकडे निवडुंग आणि दुसरीकडे ओक असं दिसतं. उंची तीच आणि पाऊसही तोच. फरक फक्त उन्हाचा आणि त्यामुळे जमिनीत किती ओल टिकते याचा.

रात्री गणित उलटतं. वाळवंटातली हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर साठलेली उष्णता रात्री झपाट्याने निसटते. जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. जानेवारीतल्या पहाटे आमच्या घराजवळचा कोरडा ओढा पायी ओलांडताना हे स्पष्ट कळतं. ओढ्याच्या पात्रात उतरलं की घोट्यांना थंडी झोंबते आणि समोरच्या काठावर चढलं की ती कमी होते. काठ फार तर दोन पुरुष उंच असेल.

थंड हवेच्या या वाहण्यावर सवारो निवडुंगाचं जगणं-मरणं अवलंबून आहे. सवारो म्हणजे हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा, बारा मीटर आणि त्याहूनही उंच जाणारा निवडुंग. तो दीडशे वर्षं सहज जगतो. त्याला ऊन सोसतं, पण लांबलेलं गोठण सोसत नाही, कारण त्याच्या अंगात पाणीच पाणी भरलेलं असतं. सबंध दिवस-रात्र तापमान शून्याखाली राहिलं तर तो जायबंदी होतो. त्यामुळे साधारण १,२०० मीटरच्या वर तो विरळ होत जातो, आणि त्या सीमेवर टिकलेले सवारो बहुतेक दक्षिण उतारावरच भेटतात. दरीच्या अगदी तळाशीही तो कमी दिसतो, कारण तिथे थंड हवा साचते. डोंगराच्या पायथ्याला दगड-गोट्यांचा जो तिरपा पसारा असतो, ज्याला इथे बजाडा म्हणतात, तिथे त्याचं खरं राज्य.

आणि तिथेही रोपटं उघड्यावर वाढत नाही. पहिल्या आठ वर्षांत सवारो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर होतो, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. या काळात तो पालो वर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली दडून असतो. झाड दुपारी सावली देतं आणि रात्री जमिनीची ऊब धरून ठेवतं. पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं जातात. रस्त्याकडेला एखादा पाच-सहा हातांचा सवारो दिसला की मी गाडीचा वेग कमी करतो. टूसॉनला रेल्वे आली १८८० मध्ये, आणि असा एखादा जुना निवडुंग त्या सुमारास कुठल्या तरी झाडाच्या सावलीत पेराएवढा असू शकतो.

मुळात हा मुलूख कोरडा का? एक कारण आभाळात आहे. विषुववृत्तावर वर गेलेली हवा सुमारे तीस अंश अक्षांशांवर खाली उतरते आणि उतरणारी हवा दबून गरम होते. पाकीट फुगण्याच्या नेमकी उलट क्रिया. दुसरं कारण डोंगर. पॅसिफिककडून येणारे हिवाळी ढग कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतावर चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे उतरते ती कोरडी आणि तापत जाणारी हवा. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत आटतो, तीच ही पर्जन्यछाया, फक्त डोंगर तिप्पट उंच. सिएरा नेवाडातलं माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर उंच आहे आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आतच डेथ व्हॅली समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. डेथ व्हॅलीत वर्षाला पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस. तिथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेलं ५६.७ अंश हे जगातलं अधिकृत सर्वोच्च तापमान आहे. त्या नोंदीवर शंका घेणारे अभ्यासक आहेत, पण ती अजून रद्द झालेली नाही.

त्या मानाने टूसॉनभोवतीचं सोनोरन वाळवंट हिरवंगार म्हणावं लागेल, कारण इथे दोन पावसाळे असतात. हिवाळ्यात पॅसिफिककडून हळुवार रिमझिम येते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मॉन्सून.

होय, मॉन्सूनच. हाच शब्द, 'मौसम' या अरबी शब्दातून आलेला. मी इथे आलो तेव्हा मला हे अमेरिकन लोकांचं कौतुकाने मोठं नाव देणं वाटलं होतं. ते चूक होतं. यंत्रणा आपल्या मोसमी वाऱ्यांच्याच जातीची आहे: उन्हाळ्यात जमीन आणि उंच पठारं तापतात, वाऱ्यांची घडी बदलते, आणि कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून आणि मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा उत्तरेला सरकते. ॲरिझोनात सरकारी हिशेबाने मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असतो. २००८ पूर्वी मात्र तो हवेतल्या ओलाव्यावरून ठरायचा. दवबिंदू सलग तीन दिवस ठरावीक पातळीच्या वर राहिला की मॉन्सून आला असं जाहीर व्हायचं.

घरात तो कळतो कूलरवरून. टूसॉनच्या जुन्या घरांच्या छपरांवर आपल्या नागपूर-अकोल्यासारखेच पाण्याचे कूलर असतात. ओल्या जाळीतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते, त्यात उष्णता खर्च होते आणि खोली गार होते. जूनमध्ये हा कूलर स्वर्ग वाटतो. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तोच कूलर नुसती चिकट हवा फेकायला लागतो. विदर्भातल्या वाचकांना ती दुपार समजावून सांगायची गरज नाही.

पाऊस कुठे पडणार हे डोंगर ठरवतात. सकाळी उन्हाने आधी तापतात ते डोंगरांचे उतार. त्यांच्या अंगाने हवा वर चढायला लागते. अकरा-साडेअकराला शिखरावर कापसाएवढा पांढरा ढग दिसतो, दोन वाजेपर्यंत त्याचा मनोरा होतो आणि तीन-चारला पहिला गडगडाट. शहरावर तोवर निळं आभाळ असतं. संध्याकाळी ही वादळं डोंगर सोडून दरीत उतरतात, कधी उतरतच नाहीत. मॉन्सूनमध्ये दुपारभर सगळ्यांचं लक्ष डोंगराकडे असतं.

कितीदा तर पाऊस दिसतो आणि पोचत नाही. ढगाखाली करड्या झालरी लोंबतात आणि जमिनीच्या वर अर्ध्यातच विरतात. दरीतल्या माणसासाठी थेंबाला तापलेल्या कोरड्या हवेतून दीड-दोन किलोमीटर जास्त खाली यावं लागतं, आणि वाटेत त्याची वाफ होते. शिखराला तोच थेंब लगेच लागतो. उंचावर पाऊस जास्त असण्याचं हेही एक कारण. माउंट लेमनच्या माथ्यावर शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. आणि वाटेत विरलेला थेंब फुकट जात नाही. वाफ होताना तो भोवतालची हवा गार करतो, ती जड हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. फीनिक्सजवळच्या सपाट, उघड्या जमिनीवरून असा वारा गेला की धुळीची भिंत उठते. कोरडा मॉन्सून म्हणतात तो हा, विजा आहेत पण पाणी नाही. ५ जून २०२० ला अशाच एका विजेने सांता कॅटलिना डोंगरांत, म्हणजे माउंट लेमनच्याच रांगेत, वणवा पेटला आणि आठवडे लोटले तरी आमच्या अंगणातून रात्री वणव्याची लाल रेघ दिसत होती. सुमारे ४८ हजार हेक्टर जळालं. पुढच्या उन्हाळ्यात त्या घाटाने गेलो तेव्हा कितीतरी वळणांवर नुसते काळे खांब उभे होते. फार वाईट वाटलं.

पहिला खरा पाऊस पडतो त्या संध्याकाळी क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. आपल्या मातीच्या वासासारखा, पण थोडा डांबरी, थोडा औषधी. त्याच रात्री जमिनीत दहा-अकरा महिने गाडून घेतलेले बेडूक बाहेर येतात, डबक्यांत अंडी घालतात, आणि डबकं आटायच्या आत, पंधरवड्याच्याही आत, पोरं उड्या मारायला लागतात. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओऑदम लोक सांता कॅटलिना डोंगररांगेला बेडूक डोंगर म्हणतात. त्यांचं वर्षही इथूनच सुरू होतं. जूनच्या शेवटी सवारोची लाल फळं पिकतात, ती मेलेल्या सवारोच्याच वाशांच्या लांब काठीने पाडतात, त्यांच्या रसाचं मद्य करतात आणि पाऊस बोलावतात. निवडुंगाचं गणितही पक्कं: फळ पावसाच्या तोंडावर पिकतं, म्हणजे बी ओल्या जमिनीत पडतं.

पाण्याची दुसरी बाजू भीषण आहे. डोंगरउतारांवर माती पातळ, खाली उघडा खडक, सपाटीवर ठिकठिकाणी सिमेंटसारखा चुनखडीचा थर. पाणी मुरायला वाव नाही, ते धावतंच. वर्षभर वाळू असलेला ओढा अर्ध्या तासात गाडी वाहून नेतो. आणि हा ओढा तुमच्या डोक्यावरच्या पावसाने भरतो असंही नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी उत्तर ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस कित्येक किलोमीटर वरच्या भागात पडला होता. आजकाल लास वेगास–ग्रँड कॅनियन सहलीत ही चिंचोळी, केशरी घळ सगळ्यांच्या फोटोंत असते. मॉन्सूनच्या दिवसांत गाईडने फेरी रद्द केली तर कृपा करून त्याच्याशी हुज्जत घालू नका.

आता शिखरांवरच्या रहिवाशांकडे. आग्नेय ॲरिझोनात असे कितीतरी डोंगर सुटे सुटे उभे आहेत. मधे गवताळ किंवा वाळवंटी सपाटी, माथ्यावर थंड जंगल. त्यांना आकाशबेटं म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. हिमयुगात हवा गार होती तेव्हा ही जंगलं खालीही पसरलेली होती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी उष्मा वाढला तशी ती चढत चढत माथ्यावर गेली आणि त्यांच्यासोबत प्राणीही वर अडकले. माउंट ग्रॅहम या अशाच एका डोंगरावरची लाल खारीची उपजात त्यातलीच, जगात फक्त त्या एका डोंगरावर. १९५० च्या दशकात ती संपली असं मानलं गेलं, १९७० च्या दशकात पुन्हा सापडली. २०१७ च्या वणव्यानंतर मोजली तेव्हा ३५ उरल्या होत्या. मग संख्या थोडी सावरली. पण हवा तापते आहे आणि जंगलाचा पट्टा वर सरकतो आहे. डोंगर वर निमुळता असतो, त्यामुळे दर पावलाला जागा कमी होते, आणि माथ्याच्या वर जागाच नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त बोचतं ते हे.

माणूसही उंचीवरच जगतो, फक्त नळ उघडताना त्याला ते जाणवत नाही. फीनिक्स अवघ्या ३३० मीटरवर आहे. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्सच्या जिल्ह्यात, उष्म्याने ६४५ माणसं गेली. असं शहर जगतं ते वरच्या बर्फावर. मोगोयॉन रिम हा सुमारे सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा कडा आणि पूर्वेचे पर्वत ढग अडवतात, बर्फ साठवतात आणि वसंतात सॉल्ट नदीतून खाली सोडतात. १९११ मध्ये पुऱ्या झालेल्या रूझवेल्ट धरणाने ते पाणी अडवलं. त्याआधी कित्येक शतकं होहोकाम लोकांनी हाताने खोदलेल्या कालव्यांनी तीच दरी भिजवली होती आणि आजचे काही कालवे त्यांच्याच मार्गाने जातात. उरलेलं पाणी कोलोरॅडो नदीचं, म्हणजे रॉकी पर्वताच्या बर्फाचं. ते टूसॉनला आणायला ५४० किलोमीटरचा कालवा आहे आणि त्यात पाणी एकूण ८८० मीटर वर चढवावं लागतं.

ग्रँड कॅनियनला हा सगळा डोंगर उलटा भेटतो. माथ्यावरून सुरुवात आणि पायथ्याशी नदी. दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर, नदीकाठचं फँटम रँच साडेसातशेच्या आसपास. काठावर २९ अंशांत छान वारा असतो तेव्हा तळाशी पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. डोंगरावर दमलेला माणूस खाली वळतो, इथे दमलेल्या माणसाला चढावं लागतं, तेही भर दुपारी. बाबांना खाली जायचं होतं. आम्ही ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावरच्या पहिल्या निवाऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. उतरायला पाऊण तास लागला, चढायला त्याच्या दुपटीहून जास्त.

वर आल्यावर ते बाकावर बसले. पाइनच्या खोडाशी कानांवर केसांचे झुबके असलेली, पांढऱ्या पोटाची एक खार शंकू कुरतडत होती. तिची चुलत बहीण समोरच्या उत्तर काठावर राहते, काळ्या पोटाची आणि पांढऱ्या शेपटीची. दोघींना पाँडेरोसा पाइनच लागतो आणि मधल्या दरीत तो नाही. समोरचा काठ डोळ्यांना दिसत होता, सोळा-एक किलोमीटरवर. गाडीने गेलं तर साडेतीनशे किलोमीटर पडतात, असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि हिला?"